पाच बारच्या अलीकडे आणि पलीकडे

ड्राय आइसचा, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा टेबलावर ठेवला की तो वितळत नाही, थेट वायू होऊन बसल्या जागी कमी होत जातो. उत्तरपत्रिकेत ‘संप्लवन’ एवढं लिहिलं की गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो. पण कार्बन डायऑक्साइडला द्रव होताच येत नाही, असं मुळीच नाही. आग विझवायच्या काळ्या भोंग्याच्या सिलिंडरमध्ये तो द्रवच असतो. फक्त आपण ज्या दाबाखाली वावरतो, त्या दाबाला त्याला द्रव राहता येत नाही.

घन, द्रव आणि वायू या तिन्ही अवस्था एकत्र नांदू शकतील असा प्रत्येक पदार्थाचा एक दाब आणि एक तापमान असतं. त्याला त्रिक बिंदू म्हणतात. त्या दाबाच्या खाली द्रव टिकत नाही. पाण्याचा हा दाब ०.००६ बार (बार हे दाबाचं एकक) आहे, म्हणजे आपल्या हवेच्या दाबाच्या कितीतरी खाली. म्हणून बर्फाचं पाणी होताना आपण रोज पाहतो आणि त्यात काही विशेष वाटत नाही. कार्बन डायऑक्साइडचा हा आकडा ५.१८ बार आहे, तापमान उणे ५६.६ अंश सेल्सिअस. आपली हवा १ बारची. म्हणजे त्याचं द्रवरूप आपल्यापासून जेमतेम चार बार वर आहे, आणि तेवढ्यामुळे बहुतेकांना ते आयुष्यात कधी दिसत नाही. ड्राय आइसबद्दल लोक ‘किती थंड असतो?’ असं विचारतात. उत्तर आहे, उणे ७८.५ अंश. पण मला विचाराल तर प्रश्न चुकीच्या दिशेनं आहे. आधी दाब विचारावा, बाकीचं आपोआप उलगडतं.

ते द्रवरूप डोळ्यांनी पाहायचं तर फार खटाटोप लागत नाही. डोकं आणि नळी एकाच मऊ तुकड्यात असलेला प्लास्टिकचा ड्रॉपर घ्यायचा. नळीचं टोक कापून तोंड थोडं रुंद करायचं. ड्राय आइस कापडात गुंडाळून बारीक कुटायचा आणि डोक्याचा साधारण पाव भाग भरेल इतका आत सारायचा. नळी दुमडून पकडीनं घट्ट दाबायची आणि फुगीर डोकं पाण्याच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात बुडवायचं. काचेचा पेला नको. सुरुवातीला काहीच घडत नाही, कण भिंतीला चिकटून बसलेले दिसतात. मग एकेक कण ओलसर दिसायला लागतो, घसरतो, दुसऱ्याला मिळतो आणि अचानक तळाशी पाण्यासारखा स्वच्छ, उकळता द्रव डुचमळू लागतो. पकड किंचित सैल करा. फुस्स आवाज होतो आणि तोच द्रव डोळ्यांदेखत पांढरा भुसभुशीत बर्फ होतो. पुन्हा आवळा, पुन्हा द्रव.

हा खेळ काही वेळा जमतो, मग ड्रॉपर फुटतो. का फुटतो ते समजून घेण्यासारखं आहे. आत घन, द्रव आणि वायू तिन्ही आहेत तोवर दाब ५.१८ बारच्या आसपास अडकून राहतो. बाहेरच्या पाण्याची उष्णता दाब वाढवण्यात नव्हे, घन वितळवण्यात खर्च होत असते. शेवटचा कण वितळला की हा अडसर जातो आणि दाब चढत सुटतो. म्हणून आत पांढरं काहीतरी शिल्लक असतानाच पकड सोडायची. डोळ्यांवर चष्मा, कानाजवळ पेला नाही, आणि हा प्रयोग झाकणाच्या बाटलीत कधीही करायचा नाही. बंद बाटलीत २० अंशांना दाब ५७ बारकडे निघालेला असतो. शीतपेयाची बाटली त्याच्या फार अलीकडेच फुटते, आणि तिचे तुकडे हातात व चेहऱ्यात शिरतात.

या ५७ बारच्या आकड्यातच सिलिंडरचं सगळं वागणं दडलंय. २० अंशांना सिलिंडरमध्ये खाली द्रव आणि वर वायू असतो आणि दाब ५७ बार असतो. सिलिंडर भरलेला असो की बराच रिकामा. द्रव शिल्लक आहे तोपर्यंत काटा हलत नाही. म्हणूनच कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक सिलिंडरला दाबमापक नसतो. असता तरी तो काहीच सांगू शकला नसता. पावडरच्या अग्निशामकाला हिरव्या पट्ट्यातला काटा असतो, तो पाहून सवय झालेली माणसं इथेही काटा शोधतात आणि नाही दिसला तर ‘हा बिघडलाय’ म्हणतात. याची तपासणी वजनानंच होते. सिलिंडरवर रिकाम्याचं आणि भरलेल्याचं वजन कोरलेलं असतं. तराजूवर ठेवायचा आणि वजाबाकी करायची. वायूच्या वजनात दहा टक्क्यांची घट दिसली तर पुन्हा भरून घ्यायचा.

रेग्युलेटर लावून वापरायच्या सिलिंडरला मात्र मापक असतो आणि तिथे लोक फसतात. काटा दिवसेंदिवस एकाच जागी, आणि मग एकदम भराभर खाली. द्रव संपला त्या क्षणापासून तो घसरायला लागतो. २० अंशांना संपृक्त वायूची, म्हणजे द्रवाच्या सोबत वर असणाऱ्या वायूची, घनता लिटरला सुमारे १९४ ग्रॅम असते आणि सिलिंडर भरताना लिटरमागे साधारण ६७० ग्रॅम भरतात. म्हणजे द्रव संपला तेव्हा मूळ भरण्यातला चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त माल वायू म्हणून अजून आत असतो. काटा पडायला लागला म्हणजे सिलिंडर रिकामा झाला असं नाही, पण दुसरा मागवायची वेळ झाली. एक खबरदारी, भराभर वायू काढला तर द्रव उकळून स्वतःच गार होतो आणि काटा खाली येतो. अशा वेळी वापर थांबवून सिलिंडर खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि मगच काट्यावर विश्वास ठेवायचा. रेग्युलेटरवर पांढरा दव साचून तो अडकला तरी कारण हेच. त्यावर उपाय म्हणजे प्रवाह कमी करणं. ज्योत दाखवणं हा उपाय नव्हे.

भरण्याचं प्रमाण इतकं काटेकोर का, याचं उत्तर तापमानात आहे. हा द्रव तापला की विलक्षण फुगतो. ० अंशांना त्याची घनता लिटरला सुमारे ९३० ग्रॅम, २० अंशांना ७७३, ३० अंशांना ६०० च्या आत. लिटरमागे ६७० ग्रॅम भरलेल्या सिलिंडरमध्ये २७-२८ अंशांच्या सुमारास वरची वायूची जागाच संपते, सगळा सिलिंडर द्रवानं काठोकाठ. तिथून पुढे दाब वाफेच्या नियमानं न चढता द्रव आवळल्यासारखा चढतो आणि ५० अंशांना १४० बारच्या घरात जातो. ठरल्यापेक्षा जास्त भरलेला सिलिंडर उन्हात राहिला तर त्याची सुरक्षा चकती फाटते. ती त्यासाठीच बसवलेली असते. भरणाऱ्यानं ‘थोडा जास्तच घातलाय’ असं सांगितलं तर ते उपकार समजू नयेत.

आणि मग ३१ अंश. त्या तापमानाला आणि ७३.८ बारला द्रव आणि वायू यांच्यातला फरकच मिटतो. जाड काचेच्या नळीत नेमकं प्रमाण भरून हळूहळू तापवलं तर मधली पातळीची रेघ आधी पुसट होते, आजूबाजूला दुधी धूसरपणा येतो आणि रेघ जाते. वर गेली नाही, खाली गेली नाही, होती तिथेच संपली. आयरिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यूज यांनी याच वायूवर मोजमापं करून १८६९ साली हा क्रांतिक बिंदू मांडला. त्यापलीकडचा कार्बन डायऑक्साइड द्रवासारखा विरघळवतो आणि वायूसारखा फटीफटींत शिरतो. कॉफीच्या बियांमधलं कॅफीन काढायला तो वापरतात, कारण दाब सोडला की तो मागे काही न ठेवता निघून जातो.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे सिलिंडरमधून एकदम हवेत, १८३५ साली फ्रान्समध्ये थिलोरिए यांनी पाहिला. द्रवाची तोटी उघडली आणि पांढरा बर्फ हाती आला. आजही अग्निशामकाचा खटका दाबला की तेच घडतं. आतली नळी तळापर्यंत गेलेली असते, त्यामुळे बाहेर येतो तो द्रव. त्यातला मोठा भाग वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्याकडून ओरबाडतो, म्हणून तो उरलेला भाग गोठतो. २० अंशांच्या द्रवापासून वजनाच्या तीस टक्क्यांच्या आतच बर्फ मिळतो. ड्राय आइसचे कारखाने म्हणूनच द्रव आधी गार करून ठेवतात. उणे १८ अंश आणि २१ बारला साठवलेल्या द्रवाचा ४५ टक्क्यांच्या आसपास बर्फ होतो.

अग्निशामक वापरताना भोंगा हातानं धरू नये, मूठ धरावी. भोंग्याच्या तोंडाशी कणांच्या घर्षणानं विद्युतभारही साठतो आणि झटका बसतो. विजेच्या उपकरणांसाठी हा उत्तम, कारण मागे काही उरत नाही. पण निखाऱ्यांवर तो फसवा ठरतो. ज्योत जाते, आतली धग तशीच राहते, आणि वायू पांगला की पुन्हा पेट घेते. जळत्या मॅग्नेशियमवर तर तो मारूच नये. मॅग्नेशियम त्याच्यातला ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि पांढऱ्या राखेत काळा कार्बन सोडून जळत राहतं.

ड्राय आइसबद्दल थोडक्यात. थर्माकोलचा डबा चालतो, झाकण हवाबंद नको. घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून तो टिकत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं उणे १८ म्हणजे चांगलीच उष्णता. हातमोजे जाड आणि कोरडे हवेत, ओले मोजे चिकटतात. गरम पाण्यात टाकल्यावर उठणारं धुकं हे हवेतल्या आणि त्या पाण्याच्या वाफेचे थेंब असतात, कार्बन डायऑक्साइड नव्हे. तो अदृश्यच असतो आणि धुकं विरल्यावरही तिथेच असतो.

इथे पुन्हा हिशेब करावा. १ किलो ड्राय आइसचा खोलीच्या तापमानाला सुमारे ५४० लिटर वायू होतो. छोट्या मोटारीच्या आतली जागा ३००० लिटरच्या आसपास धरली, तर काचा बंद असताना अर्धा किलो उडाला तरी हवेतलं प्रमाण आठ-नऊ टक्क्यांवर जातं. कामाच्या जागी आठ तासांसाठी ०.५ टक्का ही मर्यादा सर्रास पाळली जाते, ४ टक्के म्हणजे तत्काळ धोका, आणि १० टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो. आत ऑक्सिजन पुरेसा असला तरीही. कारण हा वायू नुसता ऑक्सिजनची जागा अडवत नाही, तो रक्तात जाऊन आम्ल वाढवतो. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती ऑक्सिजन कमी पडल्याची नसते, साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. त्यामुळे सुरुवातीला इशारा मिळतो: धाप, डोकेदुखी, कानात ठोके. प्रमाण फार असलं तर तेवढा अवधीच मिळत नाही. तो हवेच्या दीडपट जड, म्हणून खड्डे, टाक्या, तळघरं यांत साचतो. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवराच्या तळाशी विरघळून राहिलेला वायू २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री उसळून बाहेर आला आणि दऱ्यांतून खाली वाहत गेला, त्यात १७०० हून अधिक माणसं गेली. टाकीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहायची जुनी पद्धत या वायूसाठी बेभरवशाची आहे. ज्योत ऑक्सिजन पाहते, आणि माणसाला घातक प्रमाण झालं तरी ती जळत राहू शकते. मापक यंत्र आणि खालून हवा ओढणारा पंखा, याला पर्याय नाही.

न्योसचं सरोवर आणि सोड्याची बाटली एकाच नियमानं चालतात. पाण्यात किती वायू मावेल हे त्या पाण्यावर कार्बन डायऑक्साइडचा स्वतःचा दाब किती आहे त्यावर ठरतं. १ बारला २० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे १.७ ग्रॅम, ० अंशांना जवळपास दुप्पट, ३.३ ग्रॅम. चांगल्या कडक सोड्यात लिटरमागे सात-आठ ग्रॅम असतो, म्हणजे बाटलीत चार-साडेचार बार. झाकण उघडलं की बाहेरच्या हवेत त्याचा दाब ०.०००४ बारच्या आसपास. इतक्या फरकानं खरं तर सगळा सोडा क्षणात उधळायला हवा. तसं होत नाही, कारण बुडबुडा जन्माला यायला जागा लागते. पेल्यातला ओरखडा, पुसायच्या फडक्याचा तंतू, साखरेचा दाणा. चकचकीत, पाण्यानं नीट विसळलेल्या पेल्यात सोडा बराच शांत राहतो.

अर्धी राहिलेली बाटली टिकवण्यासाठी हवा भरायचे पंपाचे बूच मिळतात. त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. पंप हवा भरतो, आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेचा दाब विचारात घेत नाही, त्याला फक्त स्वतःचा दाब कळतो. बाटली चेपून झाकण लावणं तर उलट घातक. चेपलेली बाटली फुगून पूर्ववत होते आणि तेवढी जागा भरायला वायू पाण्यातूनच येतो. घट्ट बूच आणि गारवा, एवढंच खरं कामाचं. घरी सोडा करायचा तर पाणी ४ अंशांपर्यंत गार हवं, बाटली तीन चतुर्थांश भरावी, वरची हवा आधी वायूनं बाहेर ढकलावी, मग दाब देऊन मिनिटभर हलवावं आणि थोडं थांबून सावकाश उघडावं. साखर-सरबत नंतर. आधी घातलं तर फेस मशिनच्या नळीत जातो आणि पुढचे चार दिवस सगळं चिकट. सिलिंडर उभाच हवा. आडवा ठेवला तर वायूऐवजी द्रव जातो.

सिलिंडर नसताना हा वायू मिळवायचा सोपा रस्ता म्हणजे खायचा सोडा. ५ ग्रॅम सोडा आणि ३.८ ग्रॅम सायट्रिक आम्ल पाण्यात एकत्र आले की खोलीच्या तापमानाला सुमारे १.४ लिटर वायू निघतो आणि भांडं हाताला गार लागतं. आम्ल नसेल, नुसती उष्णता दिली, तर निम्माच वायू मिळतो. बाकी निम्मा धुण्याच्या सोड्यात अडकतो. आंबट काही न घालता भाजलेल्या केकची साबणासारखी चव तिथून येते.

विरघळलेल्या वायूपैकी फारच थोडा, सहाशेत एखादा रेणू, खरं कार्बॉनिक आम्ल होतो. शिवाय हे रूपांतर आश्चर्य वाटावं इतकं मंद आहे. ते दिसतंही. बर्फाच्या पाण्यात ब्रोमोथायमॉल ब्ल्यू (आम्लात पिवळा, अल्कलीत निळा दिसणारा रंग) घालायचा, पातळ कॉस्टिक सोड्याचे काही थेंब टाकून निळं करायचं आणि त्यात गार सोडावॉटर ओतायचं. व्हिनेगर ओतलं असतं तर रंग तत्क्षणी पिवळा झाला असता. इथे निळा तसाच राहतो. काही सेकंद जातात, मग तो हिरव्यावर आणि पिवळ्यावर येतो. कॉस्टिक फार कमी पडला तर सोडावॉटरात आधीच तयार असलेलं आम्लच त्याला लगेच पुरून उरतं आणि उशीर दिसत नाही. तेव्हा दोन थेंब वाढवायचे. शरीराला हा संथपणा परवडणारा नाही. रक्तपेशींतलं कार्बॉनिक अॅनहायड्रेज हे विकर सेकंदाला लाखो रेणूंचं रूपांतर उरकतं. जिभेवरच्या आंबट चव घेणाऱ्या पेशींवरही ते असतं, आणि सोड्याचा चटका बराचसा त्याच्यामुळे लागतो. उंच पर्वतावर जाणारे अॅसिटाझोलामाइड हे औषध घेतात, ते हे विकर दाबतं. बुडबुडे तेच असूनही त्यांना सोडा बेचव लागतो.

चुन्याच्या निवळीची परीक्षा सगळ्यांनी केलेली असते. फुंकली की दुधी होते, आणखी फुंकली की पुन्हा निवळते असं पुस्तक सांगतं. मुलं गाल दुखेपर्यंत फुंकतात आणि निवळत नाही. दोष मुलांचा नाही. संपृक्त निवळीत लिटरला १.७ ग्रॅमच्या आसपास चुना असतो, त्याचे सव्वादोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट होतं. शुद्ध कार्बन डायऑक्साइडखालीसुद्धा लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या आतच विरघळतं, आणि उच्छ्वासात तो जेमतेम चार टक्के. दुसरा टप्पा बघायचा तर सिलिंडरच्या वायूसाठी निवळी चौपट पातळ करावी, फुंकून करायचं तर आठ-दहापट, आणि पाणी ऊर्ध्वपातित. निवळी रात्रभर स्थिर ठेवून वरची काढावी आणि बाटली गळ्यापर्यंत भरून बंद ठेवावी. अर्धवट भरलेल्या बाटलीत आठवड्याभरात वर साय धरते आणि ताकद जाते.

डोंगरातही हेच चालू असतं. मुळांच्या श्वासानं मातीतल्या हवेत हा वायू एखाद्या टक्क्यापर्यंत, कधी त्याहून जास्त साठतो. त्यातून झिरपणारं पाणी चुनखडी विरघळवतं, खाली गुहेत उतरतं. तिथल्या हवेत दाब कमी, म्हणून वायू निघून जातो आणि चुना छताला लटकत राहतो. किटलीत तळाशी धरणारा पांढरा थर हा त्याचाच घाईचा प्रकार.

काँक्रीटमध्ये मात्र हा व्यवहार महागात पडतो. ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेरा असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरतो, चुन्याचं कार्बोनेट करतो, पीएच नऊच्या खाली येतो आणि पापुद्रा जातो. काँक्रीट स्वतः कमकुवत होत नाही, उलट थोडं कठीणच होतं. त्यामुळे वरून ठोकून काही कळत नाही. पुढे ओल आणि ऑक्सिजन मिळाला की सळई गंजते, गंज फुगतो, पोपडा उडतो. वेग हवेतल्या ओलाव्यावर ठरतो. ५० ते ७० टक्के आर्द्रता सर्वांत वाईट. सतत बुडालेल्या भागात वायूला पाण्यातून सरकावं लागतं आणि ते फार सावकाश होतं, तर अगदी कोरड्यात रासायनिक क्रियेला पाणीच नसतं. खोली काळाच्या वर्गमुळानं वाढते. १० वर्षांत १० मिलिमीटर गेलं असेल तर २० मिलिमीटरला ४० वर्षं लागतात.

तपासायला अल्कोहोलमध्ये केलेलं १ टक्का फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारं सूचक) पुरतं. छिन्नीनं ताजा कपरा उडवायचा, धूळ ब्रशनं किंवा हवेनं काढायची, पाण्यानं धुवायची नाही, आणि लगेच फवारायचं. गुलाबी होतो तो भाग अजून शाबूत, रंग न धरणारा भाग गेलेला. पट्टीनं तीन-चार ठिकाणी मोजायचं, कारण भेगेच्या कडेनं रंगहीन पट्टा आत घुसलेला असतो आणि एकाच जागचं माप फसवतं. ड्रिलच्या भोकात फवारू नये. ड्रिलची भुकटी आतला चुना बाहेरच्या थरावर सारवते आणि सगळंच गुलाबी दिसतं. रंगहीन थर सळईच्या अलीकडे पाच-सात मिलिमीटरवर थांबलेला असेल तर वायू रोखणारा लेप लावायला अजून अर्थ आहे. सळई ओलांडून गेला असेल, तर आधी ते काँक्रीट काढून सळई मोकळी करून साफ करावी लागते, लेप त्यानंतर.